फोटोत न येणारा गोंगाट

मी आखलेलं पहिलं रेस्टॉरंट सुरू होऊन तीन आठवडे झाल्यावर मी तिथं गिऱ्हाईक म्हणून जेवायला गेले. तोवर त्याचे फोटो पुष्कळ फिरले होते आणि माझ्या नावालाही थोडा भाव आला होता. पॉलिश केलेल्या काँक्रीटची जमीन, रस्त्याकडे खालपासून वरपर्यंत अखंड काच, फॉल्स सीलिंग न घालता उघडे ठेवलेले एसीच्या हवेचे काळे डक्ट. शनिवारची रात्र होती, एकही टेबल रिकामं नव्हतं. वेटर आला, काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, "काय?" तो कमरेत वाकला आणि त्यानं कान माझ्या तोंडापाशी आणला. मी ऑर्डर सांगितली. त्यानं मेन्यूवर एका ओळीखाली बोट ठेवून भुवया उंचावल्या : हेच ना? मी मान हलवली. तीन आठवड्यांत त्यानं खुणांची एक भाषाच बसवून टाकली होती.

समोर मैत्रीण होती, वर्षभरानं भेटलेली. दीड तासात आम्ही जे बोललो त्यातलं निम्मं दोन-दोनदा बोललो आणि बाकीचं बोलायचं राहूनच गेलं. बाहेर पडून फुटपाथवर आलो तेव्हा ती थांबली. "हं, आता सांग. नोकरी सोडल्याचं काय म्हणत होतीस?" शेजारून गाड्या चालल्या होत्या. तरी तिथं ऐकू येत होतं.

चूक माझी होती. क्लायंटनं शांत खोली मागितली नव्हती हे खरं, पण गोंगाटही कुठे मागितला होता? त्यानं फोनवर दहा-बारा फोटो दाखवले आणि मी त्या फोटोंसारखी खोली दिली. आमच्या धंद्यात हे असंच चालतं. प्लॅन असतो, सेक्शन म्हणजे इमारत उभी कापल्यासारखं काढलेलं ड्रॉइंग असतं, हल्ली तर इमारत उभी राहण्याआधीच तिचं हुबेहूब चित्र कॉम्प्युटरवर तयार असतं. त्या चित्रात टेबलापाशी हसणारी माणसंही बसवलेली असतात. ती माणसं बोलत नाहीत. कॉलेजात ध्वनिशास्त्र शिकवलं होतं, पण ते नाट्यगृह आणि सभागृहापुरतं. साठ माणसं एकाच वेळी बोलणार आहेत अशा खोलीबद्दल एक अक्षर कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

मला म्हणायचं आहे ते एवढंच : बाहेर जेवायच्या जागेत किती आवाज घुमतो हा मालकाच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. जिना किती रुंद असावा, बाहेर पडायची दारं किती असावीत, हवा किती खेळावी हे जसं बांधकामाच्या नियमांत असतं, तसं हेही असायला हवं. बहुतेक ठिकाणी ते नाही.

यावर पहिला सवाल येतो तो ठरलेला. न आवडलं तर जाऊ नका, दुसरीकडे जा. हा सवाल करणाऱ्याला शहर कळलेलं नाही असं मला वाटतं. शहरात घरं आकसत गेली तसतसा दिवाणखाना घराबाहेर पडला. चौघांना घरी बोलावून बसवायचं तर दोघांना पलंगावर बसावं लागतं, तेव्हा माणसं म्हणतात, बाहेरच भेटू. भूक ही त्यात पुष्कळदा नुसती सबब असते. नोकरी बदलायची का, लग्न करायचं का, झालेलं टिकवायचं का, असल्या गोष्टी टेबलाच्या दोन बाजूंना बसून ठरतात. जागा खासगी मालकीची असते, पण तिथं जे चालतं ते शहराचं सार्वजनिक जगणं असतं. आणि 'दुसरीकडे' म्हणजे कुठे? दुसरीकडेही माझ्यासारख्याच कुणीतरी त्याच फोटोंवरून खोली केलेली असते.

आवाजाचं गणित काही अवघड नाही, आणि ते सव्वाशे वर्षं जुनं आहे. १८९५ मध्ये हार्वर्डला फॉग संग्रहालयात नवं व्याख्यानगृह बांधलं गेलं आणि त्यात बोललेलं कुणालाच कळेना. एक शब्द विरायच्या आत पुढचे दहा-पंधरा शब्द येऊन त्यावर आदळत. दुरुस्तीचं काम वॉलेस सॅबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे आलं. तो रात्री, रस्ते निवल्यावर काम करायचा. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, थोड्या थोड्या वाढवत मांडायच्या, दर वेळी ऑर्गनची नळी वाजवून बंद करायची आणि आवाज पुरता विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत. रिकाम्या सभागृहात हा वेळ साडेपाच सेकंदांच्या आसपास होता. या रात्रींतून आवाज विरायच्या वेळाचं जे सूत्र निघालं ते आजही आम्ही वापरतो : खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीतल्या सगळ्या वस्तूंनी मिळून शोषलेला आवाज.

शोषण मोजायला सॅबाइननं जे माप घेतलं ते मला फार आवडतं. उघडी खिडकी. खिडकीवर पोचलेला आवाज बाहेर जातो, परत येत नाही; म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक पूर्ण एकक. तिच्या तुलनेत काच, गिलावा, पॉलिश केलेलं काँक्रीट हे शंभरातले दोन-पाच भाग शोषतात आणि बाकीचा आवाज तुमच्याकडे परत फेकतात.

आता माझीच खोली घेऊ. १२ मीटर लांब, ८ रुंद, साडेतीन उंच. घनफळ ३३६ घनमीटर. जमीन, छत, भिंती मिळून ३३२ चौरस मीटर पृष्ठभाग, सगळा कडक. त्याचं एकूण शोषण दहा एककं. लाकडी खुर्च्या-टेबलांची जेमतेम पाच धरा. म्हणजे रिकाम्या खोलीत आवाज विरायला ३.६ सेकंद. साठ माणसं येऊन बसली की त्यांचे कपडे आणि त्यांची शरीरं मिळून आणखी सत्तावीस एककं शोषतात आणि आकडा १.३ वर येतो. म्हणजे माझ्या त्या खोलीत आवाज शोषणारी सगळ्यांत मोठी वस्तू गिऱ्हाईक होतं. तेच गिऱ्हाईक आवाजही करत होतं, पण ते वेगळं.

आणि छताच्या फक्त अर्ध्या भागाला चांगला शोषक थर लावला असता तर? अडतीस एककांची भर. भरलेल्या खोलीत आकडा ०.७ सेकंदांवर. हे मी ड्रॉइंग करताना, एका दुपारच्या हिशोबात काढू शकले असते. काढलं नाही.

१.३ आणि ०.७ यांत मोठासा काय फरक, असं वाटेल. नुसत्या शोषणापुरता तो तीन डेसिबलच्याही आतला आहे. पण माणूस लाउडस्पीकर नाही, तो ऐकून बोलतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच कान-घशाच्या डॉक्टरनं १९११ मध्ये नोंदवून ठेवलंय की भोवती गलका वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. नकळत, हे महत्त्वाचं. एका टेबलानं आवाज चढवला की शेजारचं चढवतं, त्यांच्यामुळे पलीकडचं, आणि फेरी फिरून पहिल्या टेबलाकडे येते तेव्हा तेही पुन्हा चढवतं. तासाभरात सगळी खोली ओरडत असते, आणि ओरडणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की बाकीचेच फार मोठ्यानं बोलताहेत. मालकाला वाटतं संगीत ऐकू येत नाहीये, तो ते वाढवतो. घुमणं कमी केलं की हीच साखळी उलटी फिरते; तीन डेसिबलांतून मिळतो त्याहून खूप जास्त आराम मिळतो.

या ओरडण्यात सगळ्यांचं सारखंच नुकसान होतं असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात ४३ कोटी माणसांना उपचार किंवा साधनं लागावीत इतकं कमी ऐकू येतं. वयानं कान जातो तो आधी वरच्या पट्टीत जातो, आणि 'स', 'फ', 'त' यांसारखी व्यंजनं तिथंच असतात. म्हणून साठी उलटलेला माणूस "ऐकू येतंय पण कळत नाहीये" म्हणतो तेव्हा तो अगदी नेमकं बोलत असतो. स्वर येतात, शब्दाच्या कडा येत नाहीत. कानातलं यंत्र साऱ्या खोलीचा गलकाही मोठा करून देतं. मग तो माणूस दोनदा "काय?" विचारतो, तिसऱ्यांदा नुसता हसतो, आणि पुढच्या वेळी "तुम्ही जाऊन या" म्हणून घरीच थांबतो. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचं आता कुठे आपल्या अंगवळणी पडतंय. हा माणूस त्या उतारावरून आत येऊनही बाहेरच राहतो.

पण माझं खरं वकीलपत्र दुसऱ्यासाठी आहे. मी त्या खोलीत दीड तास बसले. वेटर नऊ तास उभा होता. नोकरीच्या जागी आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेनं सुचवलेली मर्यादा आहे, आणि त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो : ८८ ला चार तास, ९१ ला दोन. फोनमधल्या मीटरवर फार भरवसा ठेवू नये, तरी त्या रात्री माझ्या टेबलावर तो ८४-८५ भोवती घुटमळत होता. स्वयंपाकघराच्या दाराशी, धुराड्याचा पंखा आणि भांड्यांची आदळआपट असते तिथं, मी तो धरलाच नाही. धीर झाला नाही, म्हणा. कारखान्यात हाच आकडा असता तर कानात घालायला बोंडं देता आली असती. वेटरनं बोंडं घातली तर ऑर्डर कशी घ्यायची?

रेस्टॉरंटमधली सिगारेट आठवते? गिऱ्हाईकाची मर्जी, मालकाची मर्जी, न आवडलं तर दुसरीकडे जा, हेच सगळं तेव्हाही बोललं जायचं. आयर्लंडनं मार्च २००४ मध्ये बार-रेस्टॉरंटसकट जवळजवळ सगळ्या बंदिस्त कामाच्या जागांवर धूम्रपानाची बंदी घातली तेव्हा तिचा पाया गिऱ्हाईकाची सोय हा नव्हता. तिथं काम करणाऱ्याला दुसऱ्याचा धूर आठ तास गिळावा लागतो, हा होता. गिऱ्हाईकाला निवड असते, नोकराला नसते. आवाजाचा धूर दिसत नाही एवढंच.

आता विरुद्ध बाजू. मालक म्हणतात, गजबज हवीच. रिकाम्या-शांत जागेत पाऊल टाकायला माणूस बिचकतो. हे मला शंभर टक्के मान्य आहे. चमच्याचा आवाज पलीकडच्या टेबलावर जातोय अशा जागी मीही अवघडते, आणि आपलं बोलणं शेजाऱ्याला कळू नये म्हणून थोडी गुणगुण अंगावर पांघरलेली बरीच असते. पण ०.७ सेकंद म्हणजे स्मशानशांतता नव्हे. साठ माणसं बोलत असताना ती गुणगुण राहतेच, फक्त तिची आरोळी होत नाही.

दुसरा युक्तिवाद उघडपणे कुणी करत नाही, मीटिंगमध्ये दबक्या आवाजात होतो. गोंगाट असला की लोक लवकर उठतात, टेबल लवकर मोकळं होतं. याचा थोडा अभ्यास झालेला आहे. रोनाल्ड मिलिमन या संशोधकानं १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका रेस्टॉरंटमध्ये काही दिवस संथ आणि काही दिवस जलद लयीचं संगीत ठेवलं होतं. संथ लयीला लोक जास्त वेळ बसले, जेवणावरचा खर्च जवळजवळ तेवढाच राहिला, पेयांवरचा मात्र वाढला. हा लयीचा प्रयोग आहे, गोंगाटाचा नव्हे, आणि एका जागेचा आहे; त्यावरून मी फार मोठा दावा करणार नाही. ज्या धंद्याचं गणितच दर चाळीस मिनिटांनी खुर्ची रिकामी होण्यावर बसलेलं आहे, तिथं शांततेचा तोटा होईलही. होऊ दे. हवा खेळती ठेवण्याचाही खर्च असतो, आणि तो परवडत नाही म्हणून कुणी तळघरात साठ माणसं कोंडत नाही.

नियम कसा असावा? आवाज मोजू नये, खोली मोजावी. आवाज दर रात्री बदलतो, त्यावर वाद घालता येतो, निरीक्षकाच्या येण्याच्या वेळेलाच संगीत कमी करता येतं. रिकाम्या खोलीचा घुमण्याचा वेळ बदलत नाही. फर्निचर लागलेल्या रिकाम्या खोलीत फुगा फोडायचा, आवाज रेकॉर्ड करायचा, सेकंद काढायचे; दुपारी तीनला अर्ध्या तासाचं काम. साधारण चाळीस खुर्च्यांच्या वरच्या जागेला हा आकडा एक सेकंदाच्या आसपास असल्याशिवाय परवाना नाही. शाळांसाठी हे झालेलंच आहे. अमेरिकेत २००२ पासून वर्गखोल्यांसाठी मानक आहे : २८३ घनमीटरपर्यंतच्या रिकाम्या वर्गात ०.६ सेकंद. इंग्लंडमध्ये २००३ पासून शाळेच्या इमारतींची ध्वनिव्यवस्था बांधकाम नियमांच्या कक्षेत आली. मूल शिक्षकाचं ऐकू शकलं पाहिजे हे आपल्याला पटलंय, तर तेच मूल मोठं होऊन समोरच्याचं ऐकू शकलं पाहिजे, हे पटायला काय हरकत आहे?

आणि हे नियमांतच हवं, मालकाच्या सदिच्छेवर नको, याला एक भयंकर कारण आहे. आवाज कमी करायला माणसं सर्रास स्वस्त फोम चिकटवतात. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये एका नाइटक्लबच्या भिंतींवर आवाजासाठी लावलेल्या फोमला आतषबाजीची ठिणगी लागली आणि १०० माणसं गेली. खनिज लोकरीसारखं न जळणारं शोषक असतं, बाजारात सहज मिळतं. पण कुठला थर चालेल आणि कुठला नाही हे कुणीतरी लिहून ठेवावं लागतं.

मघाची उघडी खिडकी सोडून मला पुढे जाववत नाही. शहराच्या दृष्टीनं माझ्या खोलीतली सगळ्यांत वाईट गोष्ट ती अखंड काच होती. बारा मीटरची काच, उघडत कुठेच नाही. फोटोत ती फार पारदर्शक, फार खुली वगैरे दिसते. प्रत्यक्षात ती भिंतच आहे, दिसणारी भिंत. आतला आवाज आत, बाहेरची संध्याकाळ बाहेर. कोपनहेगनचे आर्किटेक्ट यान गेल यांनी कितीतरी वर्षं रस्त्यांवर उभं राहून माणसं मोजली, आणि त्यांचं एक निरीक्षण असं की माणसं थबकतात, टेकतात, रेंगाळतात ती इमारतीच्या कडेला. ती कड जितकी उघडझाप करणारी, खाचाखोचांची, तितकं रस्त्याला जिवंतपण. बारापैकी चार मीटरची काच जरी सरकणारी केली असती, तरी चौदा एककांची उघडी खिडकी फुकट मिळाली असती, आणि फुटपाथवरून जाणाऱ्याला आतल्या हसण्याचा एक तुकडा.

यावर वरच्या मजल्यावर झोपायला धडपडणारा माणूस माझा गळा धरेल, आणि धरावाच. आतला गोंगाट रस्त्यावर सोडणं म्हणजे आपला कचरा शेजाऱ्याच्या दारात टाकणं. म्हणूनच आधी छत, मग खिडकी. आत ओरडणं थांबलं की बाहेर जायला फारसं काही उरत नाही. आणि रात्री ठराविक वेळेनंतर काच बंद. याबाबत एक शहाणं तत्त्व ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं २०१४ मध्ये आणि इंग्लंडनं २०१८ मध्ये नियोजनाच्या नियमांत आणलंय : जो नंतर येतो त्यानं बंदोबस्त करायचा. जुन्या वस्तीखाली नवं रेस्टॉरंट आलं तर आवाज अडवायची जबाबदारी रेस्टॉरंटची; जुन्या संगीतगृहाशेजारी नवी इमारत आली तर बिल्डरची. भांडण मिटतं असं नाही, पण कुणी कुणाशी भांडायचं ते तरी ठरतं.

त्या खोलीचं पुढे काय झालं ते सांगते. मी मालकांकडे गेले, चूक कबूल केली, आणि माझ्या फीतून थोडं सोडून छताच्या निम्म्या भागात, डक्टच्या मधल्या जागांत, काळ्या कापडात गुंडाळलेले खनिज लोकरीचे तक्ते बसवून घेतले. त्यांना एकच काळजी होती, लुक जाईल का. लुक गेला नाही. काळ्यावर काळं कुणाला दिसलंही नाही, आणि फोटो काढणारा वर बघतच नाही. टेबलांच्या खालच्या बाजूला फेल्टही लावला, त्याचा मात्र फारसा उपयोग झाला असं मला वाटत नाही.

महिन्याभरानं पुन्हा शनिवारी गेले. तोच वेटर. या वेळी तो टेबलापासून हातभर लांब, ताठ उभा राहून बोलला. मी विचारलं, काही फरक वाटतो का. "वाटतो ना मॅडम," तो म्हणाला. "आधी साडेअकराला सुटायचो. आता बारा होतात. लोक उठतच नाहीत."